थंडीत गाडीची किल्ली फिरत नसेल तर: इग्निशन का जाम होतं आणि कसं सोडवायचं

कॅनडातल्या विनिपेग, एडमंटन किंवा अमेरिकेतल्या मिनिआपोलिस या भागात जानेवारीत उणे २५ ची सकाळ नवलाची नसते. नव्याने आलेली मंडळी पहिल्या वर्षी बहुधा जुनी, किल्लीने चालू होणारी गाडी घेतात. ती रात्रभर उघड्यावर उभी राहते आणि सकाळी किल्ली आत जाते, पण फिरत नाही. ऑफिसची घाई असते, बोटं बधिर झालेली असतात आणि हात आपसूक जोर लावतो. नेमकं तेच करायचं नाही. किल्ली आत तुटली, तर दहा मिनिटांत सुटणारं काम टो ट्रक आणि कुलूपवाल्यापर्यंत जातं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. दाराचं कुलूप बर्फाने गोठतं, हे नेहमीचंच आहे. इग्निशनचं कुलूप खरोखर बर्फाने गोठणं मात्र त्या मानाने कमी घडतं, कारण ते गाडीच्या आत असतं आणि त्यावर पाणी थेट पडत नाही. किल्ली न फिरण्यामागे बऱ्याचदा ताणात अडकलेलं स्टिअरिंग लॉक, थंडीने घट्ट झालेलं जुनं ग्रीस किंवा झिजलेली किल्ली असते. म्हणून स्प्रेची बाटली उघडण्याआधी अडलंय कुठे ते बघा.

अडलंय कुठे?

किल्ली पूर्ण आत जातच नाही, मध्येच थांबते: भोकात बर्फ, ओल किंवा कचरा आहे. किल्ली पूर्ण आत जाते पण तसूभरही फिरत नाही: आधी स्टिअरिंग लॉकवर संशय घ्या, मग कुलपाच्या आतल्या पत्र्यांवर. ‘ऑन’पर्यंत फिरते, डॅशबोर्डचे दिवे लागतात, पण ‘स्टार्ट’कडे जात नाही: काही गाड्यांत, उदाहरणार्थ अनेक फोक्सवॅगनमध्ये, एकदा सेल्फ मारल्यावर किल्ली पूर्ण ‘ऑफ’ला आणल्याशिवाय पुन्हा ‘स्टार्ट’ला जात नाही, तेव्हा आधी ती मागे आणून बघा. आणि किल्ली शेवटपर्यंत फिरते पण सेल्फ लागत नाही, तर कुलपाचा काही दोष नाही. बॅटरीकडे वळा.

आत काय असतं, हे कळलं की बाकीचं सोपं जातं. कुलूप म्हणजे धातूचं एक नळकांडं. त्यात ओळीने पातळ पत्र्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग असते. किल्लीच्या खाचा या सगळ्या पत्र्यांना एकाच पातळीत आणतात, तेव्हा नळकांडं फिरतं. एक पत्री जरी जागेवर आली नाही तरी सगळं अडतं. नळकांड्याच्या मागे दोन गोष्टी जोडलेल्या असतात: स्टिअरिंगला अडकवणारा खिळा आणि विजेचा स्विच. मागे वीज आहे, हे लक्षात ठेवा. कुलपात काहीही ओतताना त्याचा विचार करावा लागतो.

पहिला उपाय: स्टिअरिंग हलवा

गाडी बंद करून किल्ली काढल्यावर स्टिअरिंग जरा वळलं की तो खिळा कॉलममधल्या खाचेत बसतो. चाकं फुटपाथच्या कडेला टेकलेली असतील किंवा बर्फात पडलेल्या चाकोरीत वळलेल्या अवस्थेत गोठली असतील, तर टायरचा सगळा ताण त्या खिळ्यावर येतो. ताणात अडकलेला खिळा किल्लीच्या जोराने मागे सरकत नाही.

डाव्या हाताने स्टिअरिंग दोन्हीकडे हलवून बघा. एका बाजूला ते ठाम अडेल, दुसऱ्या बाजूला किंचित, बोटभर हलेल. जिकडे हलतं तिकडे ओढून धरा आणि उजव्या हाताने किल्लीवर हलका दाब द्या. अंगठा आणि तर्जनीत मावेल एवढाच जोर. किल्लीवरचा दाब तसाच ठेवून स्टिअरिंगला छोटे झटके द्या, गरज पडली तर दुसऱ्या बाजूनेही. खिळा मोकळा झाला की किल्ली एकदम फिरते. मेहनत स्टिअरिंगने करायची, किल्लीने नाही. इंजिन बंद असल्याने पॉवर स्टिअरिंग चालत नाही, त्यामुळे ते जड लागणारच. चाक चाकोरीत रुतलं असेल तर टायरभोवतीचा बर्फ आधी खरवडून काढा.

दुसरा उपाय: किल्ली बदला

रोजची किल्ली बाहेर काढून कोरड्या कापडाने पुसा. बर्फात पडलेली किंवा ओल्या हातमोज्यातून आलेली किल्ली कुलपात घातली तर ते पाणी तुम्हीच आत पोचवता. मग घरातली जादा किल्ली आणून बघा. वर्षानुवर्षं वापरलेल्या किल्लीच्या खाचा झिजून गोल झालेल्या असतात. उन्हाळ्यात स्प्रिंगा चपळ असतात, त्यामुळे पत्र्या थोड्या कमी-जास्त उचलल्या गेल्या तरी निभावतं. उणे २० ला ग्रीस घट्ट होतं, पत्र्या आळसावतात आणि तीच किल्ली चालेनाशी होते. जादा किल्लीने कुलूप लगेच फिरलं तर दुखणं किल्लीचं आहे. नवीन करून घेताना झिजलेल्या किल्लीची नक्कल करू नका, झिजेचीही नक्कल होते. गाडीच्या किल्लीच्या कोडवरून मूळ मापाची कापून घ्या.

किल्ली पूर्ण आत घाला, मग एखादा मिलिमीटर बाहेर ओढून हलक्या हाताने फिरवून बघा. झिजलेल्या किल्लीला ही युक्ती पुष्कळदा लागू पडते.

खरोखर बर्फ असेल तर

किल्ली आत जाताना करकर जाणवत असेल, बाहेर काढल्यावर तिच्यावर पांढरी भुरभुर दिसत असेल, किंवा आदल्या दिवशी गाडी आतून धुतली असेल, तर बर्फाची शक्यता आहे. ओल येते ती बुटांवरच्या बर्फाची. तो पायाखालच्या मॅटवर वितळतो, त्याची वाफ आणि आपला श्वास रात्री गाडीतल्या थंड धातूवर जमतो.

इथे कामाचं औषध म्हणजे अल्कोहोल. कुलपासाठी मिळणाऱ्या डी-आयसरमध्ये (बर्फ वितळवणाऱ्या स्प्रेमध्ये) बहुधा तेच असतं, सोबत थोडं वंगण. डी-आयसर नसेल तर औषधांच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण ९१ किंवा ९९ टक्क्यांचं घ्या. ७० टक्केवाल्यात बाकीचं पाणीच असतं आणि आपल्याला तर पाणीच घालवायचं आहे. शुद्ध आयसोप्रोपिल उणे ८९ अंशांपर्यंत गोठत नाही.

कृती अशी. डी-आयसरच्या बाटलीची बारीक नळी भोकात टेकवा आणि अर्ध्या सेकंदाची एकच फवारणी करा. अल्कोहोल बाटलीत असेल तर ड्रॉपरने दोन-तीन थेंब, किंवा किल्लीलाच लावून आत घाला. मिनिटभर थांबा. किल्ली आठ-दहा वेळा सावकाश आत-बाहेर करा आणि प्रत्येक वेळी पुसा, म्हणजे वितळलेलं पाणी बाहेर येईल. नंतर फिरवून बघा. जमलं नाही तर पुन्हा एकदा तेवढंच. मुठीने ओतू नका, जास्तीचं अल्कोहोल मागच्या स्विचपर्यंत जातं आणि तिथलं ग्रीस धुऊन काढतं. किल्ली सुटल्यावर लगेच ‘ऑन’ करण्याची घाई नको. दार उघडं ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्या. हे द्रव्य पेट घेतं, त्यामुळे आसपास सिगारेट किंवा लायटर अजिबात नको.

उष्णता वापरायची तर घरात हीटरजवळ गरम केलेली किल्ली सगळ्यात सुरक्षित. आत घाला, वीस सेकंद ठेवा, काढा, पुन्हा गरम करा. लायटरने पातं तापवायचं असेल तर अल्कोहोल वापरण्याआधीच, गाडीच्या बाहेर उभं राहून, जाड मोजे घालून, पाच-सहा सेकंद आणि फक्त धातूचा भाग. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात चिप असते. कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांत इमोबिलायझर सक्तीचा आहे, म्हणजे त्यानंतरच्या गाड्या ही चिप ओळखल्याशिवाय चालूच होत नाहीत. चिप भाजली तर कुलूप सुटेल आणि गाडी तिथेच राहील.

विजेची सोय जवळ असेल तर हेअर ड्रायर उत्तम. कमी उष्णतेवर, कुलपापासून सुमारे २० सेंटिमीटर लांब धरून तीन ते पाच मिनिटं. एकाच जागी रोखून धरू नका, कॉलमचं प्लॅस्टिक वाकतं, आणि स्टिअरिंगच्या मध्यावर एअरबॅग असते तिकडे झोत नकोच.

हे करू नका

गरम पाणी ओतू नका. ते विजेच्या स्विचमध्ये जातं आणि उरलेलं पाच मिनिटांत पुन्हा गोठतं, आधीपेक्षा घट्ट. दारावर ओतलं तर काच तडकण्याचीही भीती. भोकात तोंडाने फुंकर मारू नका, श्वासात ओल असते. पकड लावून किल्ली फिरवू नका. हँड सॅनिटायझर दाराच्या कुलपाला अडीनडीला चालून जातो, पण इग्निशनमध्ये नको: त्यातला जेल आत चिकट थर सोडतो. स्वयंपाकाचं तेल किंवा इंजिन ऑइलही नको, थंडीत तेच घट्ट होऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा जाम करतं. डब्ल्यूडी-४० ओल घालवायला चांगलं आहे, एखाद्या सकाळी त्याने काम भागतं. कायमचं वंगण म्हणून मात्र ते वापरू नये, मागे राहिलेल्या थरावर धूळ बसते.

किल्ली ‘स्टार्ट’वरून मागे येत नाही

थंडीतला हा दोष कमी बोलला जातो आणि नुकसान सगळ्यात जास्त करतो. इंजिन चालू झाल्यावर किल्ली स्प्रिंगने आपोआप ‘ऑन’वर यायला हवी. आतलं ग्रीस घट्ट असेल किंवा स्प्रिंग कमजोर असेल तर ती ‘स्टार्ट’वरच अडते आणि सेल्फ चालत्या इंजिनाबरोबर फिरत राहतो. करकरणारा, घासल्यासारखा आवाज येतो. क्षणाचाही विलंब न करता किल्ली हाताने मागे ‘ऑन’वर आणा. सेल्फ मोटर काही सेकंदांतच तापते आणि जळूही शकते. थंडीभर किल्ली हाताने मागे आणण्याची सवय ठेवा आणि इग्निशन स्विच तपासून घ्या.

किल्ली फिरते, पण गाडी चालू होत नाही

ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून लीव्हर ‘पी’मध्ये नीट बसलाय का ते बघा, मग ‘एन’मध्ये टाकून सेल्फ मारा. चालली तर गिअरच्या स्विचचा प्रश्न आहे.

सेल्फ मारताना टकटकटक असा भराभर आवाज येत असेल तर बॅटरी उतरली आहे. एकच ठोका येऊन शांतता असेल तर टर्मिनल सैल किंवा गंजलेलं आहे, नाहीतर सेल्फ मोटर अडकली आहे. इंजिन फिरतंय पण रडतरखडत, तर थंडीने बॅटरीची ताकद घटली आहे. शून्य अंशाला लेड-ॲसिड बॅटरीची साधारण एक तृतीयांश ताकद जाते, उणे १८ ला निम्म्याहून अधिक, आणि त्याच वेळी दाट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये निदान एक मिनिट थांबा.

जम्प देण्याआधी, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करण्याआधी, बॅटरी गोठलेली नाही ना, ते बघा. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७ च्या आसपासच गोठू शकते, पूर्ण भरलेली उणे ५० लाही टिकते. खोका फुगलेला किंवा तडकलेला दिसला तर जम्प देऊ नका, ती फुटू शकते. बॅटरी ठीक असेल तर क्रम असा: लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला. बॅटरीवर नको, तिथे ठिणगी पडू शकते. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. केबल काढताना क्रम उलटा.

बटणाच्या गाडीत फोबचा (रिमोट किल्लीचा) सेल थंडीत मंदावतो आणि गाडी म्हणते किल्ली सापडत नाही. फोब सरळ स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. बहुतेक गाड्यांत एवढ्याने काम होतं, काहींत फोब ठेवण्याची वेगळी जागा असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते. फोब खिशात, अंगाला लागून ठेवा. सेल बहुधा सीआर २०३२ असतो, नोव्हेंबरआधी नवा घाला.

सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढल्याशिवाय गाडी चालू ठेवून आत बसू नका, आणि बंद गॅरेजमध्ये तर चालूच करू नका. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ऑक्टोबरमध्येच करून ठेवण्याची कामं

कोरडा दिवस बघून कुलपांना वंगण द्या. दारांच्या कुलपांना ग्राफाइट पावडरची एक छोटी फुंक पुरते. इग्निशनला मात्र कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे जास्त बरा, कारण ग्राफाइट वीजवाहक असतं आणि मागे स्विच आहे. किल्ली दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, पुसा. कुलपात आधी कधी तेल घातलं असेल तर त्यावर ग्राफाइट टाकू नका, दोन्ही मिळून काळा लगदा होतो.

इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये चालत असेल तर ०डब्ल्यू घ्या; डब्ल्यूआधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. थंडीत इंजिन फिरवता येतं का, याची ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० ला होते, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. नवीन घेताना सीसीए बघा: १२ व्होल्टची बॅटरी उणे १८ ला ३० सेकंद, ७.२ व्होल्टच्या खाली न जाता किती अँपिअर देते, तो हा आकडा. गाडीला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त घेतलेला चांगला.

कॅनडाच्या प्रेअरी भागात गाड्यांच्या पुढच्या जाळीतून प्लग लोंबताना दिसतो, तो ब्लॉक हीटरचा, म्हणजे इंजिन गरम ठेवणाऱ्या विजेच्या हीटरचा. उणे १५ च्या खाली जाणार असेल तर तो लावा. रात्रभर लावायची गरज नाही, टायमरने निघायच्या तीन तास आधी सुरू केला की पुरतं. केबल बाहेर वापरण्याजोगी, तीन पिनांची, १४ गेजची घ्या. आणि निघताना प्लग काढायला विसरू नका.

गाडी लावताना चाकं सरळ ठेवा आणि फुटपाथपासून मोकळी. किल्ली काढल्यावर स्टिअरिंग हलवून लॉक बसवू नका. मॅटवरचा बर्फ झटकून टाका. डी-आयसर गाडीच्या डिकीत ठेवू नका, दारच गोठलं तर तो आतच राहील. कोटाच्या खिशात किंवा घराच्या दाराशी ठेवा.

किल्ली तुटलीच तर

टोक बाहेर दिसत असेल तर निमुळत्या पकडीने सरळ रेषेत ओढा, फिरवू नका. कुलूप अर्धवट फिरलेलं असताना तुकडा निघत नाही, आधी ते ‘ऑफ’च्या जागी आणावं लागतं. तुकडा आत गेला असेल तर दुसरी किल्ली घालून त्याला पुढे ढकलू नका आणि गोंद लावण्याचा प्रयोग तर नकोच. दोन्ही तुकडे जपा, कुलूपवाला त्यावरून नवी किल्ली कापू शकतो. कॅनडात सीएए आणि अमेरिकेत एएए या वाहनचालकांच्या संघटनांच्या सभासदांना रस्त्यावरची मदत मिळते, अडकलेल्या किल्लीसाठी आधी तिथे फोन करा.

पुण्या-मुंबईहून लडाख-स्पितीला हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी

तिथली हवा कोरडी असल्याने कुलपात बर्फ धरण्याची भीती कमी. गाडी अडते ती डिझेलमुळे. मैदानातलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं विंटर डिझेल आणलं. मैदानात भरलेली टाकी वाटेत रिकामी होत येईल असं बघा आणि वर हेच भरा. टाकीखाली शेकोटी किंवा स्टोव्ह पेटवणारे चालक दिसतील, ते तुम्ही करू नका.

दुसरी गोष्ट कूलंटची. आपल्याकडे उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये सर्रास साधं पाणी टाकलं जातं. ते लेहमध्ये रात्री गोठून इंजिनचा ब्लॉक तडकवू शकतं. निघण्याआधी सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या, ते मिश्रण उणे ३५ च्या आसपासपर्यंत टिकतं. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले ब्रेक गोठून चाक सुटत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.